पाठ परंड्याची, तोंड लाहोरचं

दिगू, आधी एवढं सांग: अंगठे आत होते का बाहेर?

हसू नको. तुझं चौदावं होऊन पाच दिवस झाले, भाऊबंद एस.टी.नं आपापल्या गावाला पोचले, आणि मी इथं ओसरीवर बसून स्वतःच्याच कानशिलावर बोटं मोडून बघतोय. अंगठा मुठीत घेतला तर बोटं वाजत नाहीत. बाहेर ठेवला तर वाजतात, पण कोपरं अशी काही वर जातात की ते तुझ्यासारखं दिसत नाही. सून आतून दोनदा डोकावून गेली. सासऱ्याचं आता काही खरं नाही, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तू मला पंचनामा म्हणायचास. गावात कुणाची म्हैस व्याली, कुणाकडं पाहुणे कुठून आले, भूमची गाडी अर्धा तास उशिरा का आली, हे सगळं मला कळलं पाहिजे, नाहीतर मला जेवण जात नाही. "आले पंचनामा, आता द्या उत्तरं," म्हणत तू माझ्याकडं पाट सरकवायचास. तीस वर्षं तू मला उत्तरं दिलीस. आणि ही एवढीशी गोष्ट विचारायची राहिली, तर तू निघून गेलास. बरं, ही गोष्ट बघायचं काम माझंच होतं. बघून लिहायला मला खुर्ची दिली होती, कागद दिला होता.

तू म्हणशील, जुनं कशाला उकरतोस. उकरतो. पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला जमत नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती माणसं आपल्या तहसिलीत आली. आपण दोघं टेबलाला टेबल लावून बसणारे कारकून. निजामीत उर्दूत शिकलो, उर्दूत दफ्तर लिहिलं, आणि राज्य बदललं तसे बसल्या जागी अडाणी झालो. मराठी टिपणं लिहिताना तुझी ऱ्हस्व-दीर्घाची जी तारांबळ उडायची ती आठवली तरी हसू येतं. जुनं एखादं पत्रक वाचायचं असलं की तेवढ्यापुरती साहेबाला आपली आठवण व्हायची. त्यामुळं मुंबईचा एक माणूस उर्दू कागदांची चळत घेऊन दारात उभा राहिला आणि "हे वाचणारं कुणी आहे का इथं?" म्हणाला, तेव्हा तू चष्मा असा झटक्यात उचललास की जणू दहा वर्षं त्याचीच वाट बघत होतास.

चित्रपट होता. अर्धी माणसं मुंबईची, अर्धी लाहोरची. दोन देशांनी मिळून चित्रपट काढायचा, अशी कल्पना कुणा दोन जुन्या मित्रांच्या डोक्यातून निघाली होती. त्यांतला एक तिकडं गेला होता, एक इकडं राहिला होता. गोष्ट साधीच होती. किल्ल्यात राहणारा एक म्हातारा सरदार, त्याची एकुलती लेक, आणि तिला नदीपलीकडं दिलेलं. चित्रपट दोन्हीकडं चालावा म्हणून गोष्टीत कुठल्याच मुलखाचं नाव नव्हतं. किल्ला म्हणून परंड्याचा किल्ला त्यांनी पसंत केला होता.

लेकीचं काम करणारी पोरगी लाहोरहून आली, आईला घेऊन आली. बापाचं काम करणारा तिकडचा मोठा नट मात्र येऊ शकला नाही. त्याला परवानगी मिळाली नाही. का मिळाली नाही ते मी चौघांना विचारलं, चौघांनी चार कारणं सांगितली. मग डायरेक्टरनं आपल्याला समजावून सांगितलं, आठवतं का, दोन काडेपेट्या समोरासमोर ठेवून? पडद्यावर दोघं समोरासमोर बोलताना दिसतात, पण फोटो एकदा हिच्या तोंडाचा काढतात, एकदा त्याच्या. हिच्या तोंडाचा इथं काढायचा. त्याच्या तोंडाचा लाहोरात, तसलीच भिंत उभी करून. मग दोन्ही जोडायचे. फक्त इथं हिच्यासमोर कुणाची तरी पाठ पाहिजे, तिथं त्याच्यासमोर कुणाची तरी वेणी.

एक माणूस त्या नटाचा पाठमोरा फोटो हातात धरून तहसिलीत सगळ्यांच्या मागनं फिरला. मामलेदारांच्या पाठीलाही त्यानं सोडलं नाही. तू रजिस्टरवर वाकलेला होतास. तुझ्यामागं आल्यावर तो थांबला, फोटो वर धरला, खाली केला.

"हीच," तो म्हणाला. "मान पण तीच."

"पंधरा वर्षं दफ्तरावर वाकून कमावलीय ती," मी म्हणालो. "दिगू, अशी सहजासहजी देऊ नकोस."

"न्या की," तू मान वर न करता म्हणालास. "पुढची बाजू तशीबी कुणी बघत न्हाय."

आणि मला मेळ ठेवायचं काम मिळालं. इथं तुझा हात कुठं होता, शेरवानीची कितवी गुंडी उघडी होती, काठी डाव्या हातात होती का उजव्या, हे सगळं उर्दूत लिहून लाहोरला धाडायचं, म्हणजे तिकडचा नट तसंच करील. माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे? तेरा दिवस मी तुझ्याकडं जेवढं बघितलं तेवढं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. बोलायच्या आधी तू गळ्याशी हात नेतोस, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, हे मला तेव्हा कळलं. ते मी लिहिलं, आणि तिकडं एक मोठा नट परंड्याच्या कारकुनासारखा डावा खांदा पाडून उभा राहिला असणार, या विचारानं आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

शेवटच्या दिवशी निरोपाचा प्रसंग होता. किल्ल्याच्या दारात छकडे उभे. सोनारीचे गाडीवाले सकाळपासून तेवढ्याच दहा पावलांत जा-ये करून वैतागले होते. पोरगीचा परवाना संपत आलेला, संध्याकाळी तिला निघायचं होतं, म्हणजे जे होईल ते एकदाच. कागदावर एवढंच लिहिलेलं होतं: बाप लेकीच्या डोक्यावर हात ठेवतो, मान खाली घालतो.

तू हात ठेवलास. मान खाली घातली नाहीस. दोन्ही हात तिच्या डोक्यावरून, गालांवरून फिरवलेस, मुठी स्वतःच्या कानशिलांवर नेल्यास आणि कडाकडा बोटं मोडलीस. आपल्याकडं आज्ज्या करतात तसं. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बलाएँ घेतात, पोराची इडापिडा आपल्यावर ओढून घेतात, तसं. बाप्या माणसाला असं करताना मी जन्मात बघितलं नव्हतं.

पोरगी खरंच रडली. तिची आईही मागं छत्रीखाली रडायला लागली. डायरेक्टर आधी चिडला, मग पोरगीकडं बघून निवळला. असलं रडं पुन्हा मिळणार नव्हतं, आणि पुन्हा करायला पोरगीच राहणार नव्हती. म्हणाला, "ठेवा. आता तिकडच्या साहेबांनाही बोटं मोडायला लागतील." मग माझ्याकडं वळला, "लिहिलं ना नीट?"

मी लिहिलं होतं. दोन शब्द. बलाएँ लीं.

अंगठ्यांचं लिहिलं नाही, कारण मी बघितलंच नाही दिगू. तेरा दिवस डोळ्यांत तेल घालून बघणारा मी, नेमका त्या वेळी कागदावर मान घालून बसलो होतो. पहिलं कड्‌ वाजलं आणि मला कळलं, हे हात कुणाचे आहेत.

ते तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आपण ते कधी बोललो नाही. आता बोलतो.

हमीदाबी तुझ्या भिंतीला भिंत लावून राहायची. तुझी आई तू चार वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून तू तिच्याच ओट्यावर वाढलास. परीक्षेला धाराशिवला निघालास की ती बाहेर यायची, डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडायची, आणि तू लाजून "बस की आता" म्हणायचास. तुझी लेक कुसुम जन्मली तेव्हा तिला पहिला हात लावला तो हमीदाबीनं. वहिनी भूमच्या, इथं त्यांचं माहेरचं कुणी नाही. त्यांनी हमीदाबीलाच आई केलं होतं.

मग निजामी गेली. फौज आली, झेंडा बदलला, आणि पुढचे आठ दिवस माणसं माणसांसारखी वागली नाहीत. बाहेरची होती, गावातलीही होती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, उलट्या बाजूच्या, निजामाच्या माणसांच्या धामधुमीत, माझ्या थोरल्या भावाचा मळा पेटवला होता. तो त्यातनं वाचला नाही. मी तेव्हापासून रोज दुपारी तुझ्याकडं येऊन नुसता बसायचो. तू काही विचारायचा नाहीस. चहा व्हायचा, मी प्यायचो, जायचो.

त्या आठ दिवसांतल्या एका दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. वहिनी मागच्या खोलीत तापलेल्या कुसुमला घेऊन पडल्या होत्या. दारावर थाप पडली. "दिगू, बेटा, दरवाजा खोल." हळू आवाजात, तीनदा. तू उठलास. तुझा हात कडीपर्यंत गेला. मी माझा हात त्याच्यावर ठेवला आणि म्हणालो, "बस खाली."

एवढंच. मी तुला ढकललं नाही, दम दिला नाही. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि खाली बसलास. माझ्या भावाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते, म्हणून तू बसलास.

लोकांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की भीती वाटली. तुझ्या पोराबाळांची काळजी वाटली. ते खोटं आहे. मला भीती वाटली नव्हती. मला राग होता, आणि तिच्या तोंडावर कुणाचं तरी दार बंद व्हावं असं मला वाटलं. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? माझ्या बायकोच्या बाळंतपणालाही तीच आली होती.

वहिनी बाहेर आल्या तोवर सगळं शांत झालं होतं. तू दाराशी बसलेला, मी खांबाला टेकलेलो. त्यांनी तुलाच विचारलं, "हमीदाबीचा आवाज होता. का उघडलं न्हाय?"

तू म्हणालास, "न्हाय उघडलं."

मी तिथंच होतो. हातात कप होता. मी एक घोट घेतला.

हमीदाबी वाचली. दोन दिवस बाजरीत लपून होती. पण पुढं तीन आठवड्यांनी भाच्याबरोबर कराचीला निघाली, तेव्हा घरात न्यायला काही उरलं नव्हतं. निघताना ती तुझ्या अंगणात आली. तुझ्या डोक्यावरून हात फिरवले, बोटं मोडली. "बस की" म्हणायलाही तुला सुचलं नाही. खांबासारखा उभा राहिलास. मी कोपऱ्यावरनं बघितलं आणि तिथूनच घरी परतलो.

म्हणून किल्ल्याच्या दारात मी मान खाली घातली. ती लाहोरची पोरगीही तिकडंच निघाली होती. तुला हातांनी काय केलं ते कळलंही नसेल.

आणि मग मी काय केलं? चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुला "आजीबाई" म्हणालो. सगळ्यांनी उचललं. शिपायानं उचललं. तू चार दिवस हसलास, मग हसायचा थांबलास. तरी मी थांबलो नाही, कारण चेष्टा चालू आहे तोवर दुसरं काही बोलावं लागत नाही. मग आपला तो वाद सुरू झाला, सहा वर्षं पुरला. मी म्हणायचो, बोटं मोडणं मुसलमानांचं, आपल्या बायकांनी ते त्यांच्याकडनं उचललं. तू म्हणायचास, आपली आजी कुणाकडं शिकायला गेली होती? मी म्हणायचो, मग बलाएँ हा शब्द कुठून आला? तू म्हणायचास, शब्द घेऊन बस तू, बोटं माझी आहेत. तुला वादात रस नव्हता, मला दिसत होतं. मला त्या वादामागं लपू देणं तेवढं तुझं काम होतं, आणि तू ते इमानानं केलंस.

चित्रपट तिकडं लागला म्हणतात. इकडं कागदपत्रं अडली, मग लढाई झाली, आणि इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सगळंच बंद झालं. तुझी पाठ लाहोरात लोकांनी बघितली, परंड्यात नाही. लढाईच्या दिवसांत रेडिओपुढं बसून मी म्हणालो होतो, तुझ्या पाठीला आता तिकडं कैद केलं असेल. तू हसलास. मग म्हणालास, "पंचनामा, तू मला सगळं विचारतोस. एक सोडून."

मी म्हणालो, "चहा संपला का रे?"

इथंच मला थांबवायला पाहिजे होतंस. माझ्या मनगटाला धरून खाली बसवायला पाहिजे होतंस, जसं मी तुला बसवलं. तू कप उचलून आत दिलास.

आता आजचं. चौदाव्याला सगळे पांगल्यावर वहिनींनी मला एक पुडकं दिलं. तुझ्या पेटीत, धोतराखाली, सुतळीनं बांधलेलं. "सगळं उर्दूत हाय भावजी. तुमच्याबिगर कोन वाचणार. वाचून सांगा मला." मी म्हणालो, चष्मा घरी राहिलाय. चष्मा माझ्या खिशात होता. तेव्हापासून रोज विचारतात, रोज मी काहीतरी सांगतो. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं उलटी धरून वाचायला टपलेला मी, आणि हातात आलेलं पुडकं दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं.

पहिलं पत्र लाहोरचं. तिकडं मेळ ठेवणाऱ्यानं तुझ्या नावानं लिहिलेलं. अदब अशी की वाचताना मी सावरून बसलो. म्हणतो, तुमच्याकडून "बलाएँ लीं" एवढंच लिहून आलं आहे. आमच्याकडं बलाएँ बायका घेतात. आपण नेमकी कशी घेतलीत? आधी डावा हात का उजवा, अंगठे आत का बाहेर, सगळी बोटं एकदम का एकेक? आणि आमचे साहेब अडून बसले आहेत. ते म्हणतात, हा माणूस बाप असून आईसारखं का करतो हे कळल्याशिवाय मी बोट मोडणार नाही. तेव्हा मेहरबानी करून तेही कळवावं.

मी जे तुला विचारलं नाही, ते लाहोरच्या एका नटानं टपालानं विचारलं.

त्याखाली तुझे तीन कच्चे खर्डे. तुझं अक्षर बघत बसलो दिगू. मराठीत तू कोंबडीचे पाय काढायचास, आणि उर्दूत ही अशी रेघ.

पहिल्यात नुसती माहिती. दोन्ही हात एकदम. बोटं सगळी एकदम. अंगठ्यांचं तूही लिहिलेलं नाहीस.

दुसऱ्यात कारण. हमीदाबी, ओटा, परीक्षा, ती दुपार, तीनदा आलेली हाक. मग एक ओळ: "मैं उठा था, मेरे दोस्त ने हाथ पर हाथ रख दिया." त्या ओळीवर तू काट मारली आहेस. एक नाही, पाच-सहा वेळा, कागद फाटेपर्यंत. उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाही. मी धरला.

तिसरा खर्डा स्वच्छ आहे. तोच तू धाडला असणार. त्यात लिहिलंय: "दरवाजा मैंने नहीं खोला. जाते हुए उसने मेरी बलाएँ लीं. मुझे भी उसकी लेनी थीं, मर्द को आता नहीं. उस दिन लड़की उधर जा रही थी तो हाथ उठ गए."

शेवटी एक कार्ड, लाहोरचंच. साहेबांनी केलं, एकदाच केलं, दुसऱ्यांदा करावं लागलं नाही. तुमचं पत्र साहेबांनी स्वतःपाशी ठेवून घेतलं आहे. त्यात काय आहे ते आम्हांला सांगत नाहीत.

म्हणजे तिकडं एक माणूस आहे, ज्यानं तुझं तोंड होऊन ती बोटं मोडली. तो कसा दिसत असेल, त्याच्या मागं कधी असं दार होतं का, हे मला राहून राहून वाटतं. पण त्याहून जास्त हे वाटतं, की जो तुला कधी भेटणार नव्हता, ज्याला मी कोण हे कधी कळणार नव्हतं, त्याच्यापुढंही तू माझं नाव निघू दिलं नाहीस. मी एवढा तुझा कोण होतो रे? उपकार मानू का भांडू, मला कळत नाही. दोन्ही करतो.

आणि एक गोष्ट, जी मी अठरा वर्षं बघत होतो आणि मला बघायची नव्हती. त्या दुपारपासून तुझ्या घरी चहा आला की वहिनी पहिला कप मला द्यायच्या. तुझा मागनं यायचा, कोमट. मी म्हणायचो, भूमकडची माणसं पाहुण्याला किती मानतात. तो मान नव्हता. त्यांनी तुझं सगळं केलं, दुखलं-खुपलं बघितलं, पण कपाची ती पाळी कधी बदलली नाही. तू कोमट चहा पीत राहिलास आणि मला म्हणायचास, गरम मला सोसत नाही.

आता वहिनींना तिसरा खर्डा वाचून दाखवला की झालं. कागदावर आहे तेच वाचायचं. खोटं काहीच नाही. तुझीही तीच इच्छा असणार, नाहीतर ती ओळ खोडली नसतीस.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून तुझ्या घरी गेलो.

तुझा फोटो भिंतीला लावलाय. तुला फोटोचा कंटाळा, लग्नातलाही नाही, म्हणून चित्रपटवाल्यांनी दिलेला तोच एक. त्यात लाहोरच्या पोरगीचं तोंड आणि तुझी पाठ. वहिनींनी हार असा घातलाय की पोरगी झाकली जाते. समाचाराला येणारे हात जोडतात आणि मग गोंधळून बघत राहतात.

मी बसलो, चष्मा लावला. लाहोरचं पत्र वाचून दाखवलं. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

"अंगठं भायेरच," त्या मधेच म्हणाल्या. "हमीदाबी भायेर ठिवायची. आत घेतलं तर वाजत्यात व्हय?"

बघ. दोन दिवस मी ओसरीवर हातवारे करत होतो, आणि दोन घरं पलीकडं विचारायचं सुचलं नाही.

मग तिसरा खर्डा वाचला. "दरवाजा मैंने नहीं खोला" याचं मराठी करायची गरज पडली नाही. त्या म्हणाल्या, "व्हय. ते ठाऊक हाय मला."

मी तो कागद खाली ठेवला. दुसरा उचलला, दाराच्या उजेडात धरला, आणि खोडलेली ओळ वाचली. मराठीत सांगितली. "तो उठला होता वहिनी. हात कडीवर गेला होता. माझ्या हातानं थांबला."

 मी आणखी काही बोलणार होतो, भावाचं, रागाचं. बोललो नाही. ते त्यांचं ऐकायचं नव्हतं.

त्या उठल्या. माझ्यापुढून गेल्या, फोटोपाशी उभ्या राहिल्या.

"मला सांगायचं न्हाय व्हय?" त्या तुला म्हणाल्या. रागानं नाही. रोजच्या आवाजात. तसल्या आवाजात त्या तुझ्याशी बोललेलं मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग आत गेल्या. मी पुडकं बांधलं, सुतळीला गाठ मारली. आता इथनं पुढं या घरात बसायचं नाही, असं मनाशी धरून चपला पायात घालत होतो. स्टोव्हचा आवाज आला. मी थांबलो. बाहेर आल्या तेव्हा दोन्ही हातांत कप होते.

पहिला कप त्यांनी तुझ्यापुढं ठेवला. फळीवर, हाराखाली. बशी सरळ केली, कपाचा कान तुझ्या उजव्या हाताला येईल असा फिरवला. वाफ निघत होती. मग तिथंच, माझ्याकडं पाठ करून, बराच वेळ उभ्या राहिल्या.

माझा कप मागनं मिळाला. कोमट होता. मी सगळा प्यायलो.

तू आपला पाठ करून बसलेला.